कॉम्प्रेशन कमी असलेलं जुनं आउटबोर्ड इंजिन घेण्याआधी

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, आणि कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरात जो दाब तयार करतो तो. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गार इंजिन दोरी किती वेळा ओढल्यावर सुरू होतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं. पिशवीत कॉम्प्रेशन गेज (हा दाब मोजायचं मीटर), त्या इंजिनाच्या प्लगच्या आट्यांना बसणारा अडॅप्टर, प्लगपाना, बॅटरी (टॉर्च) आणि तेलाची छोटी बाटली घ्या. पाण्याची सोयही करा. होसपाइप नाही तर खोल पिंप. पाण्याशिवाय काही सेकंद चालवलं तरी आतला रबरी इम्पेलर (थंड ठेवणारं पाणी खेचणारा पंखा) खराब होऊ शकतो, त्यामुळे "जरा आवाज ऐका" म्हणून कोणी कोरडंच सुरू करायला लागला तर तिथेच थांबवा.

इंजिन गरम झालं की बंद करून सगळे प्लग काढा, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून ठेवा, प्लगच्या वायरी अर्थ करा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. मग गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, कारण दोन गेज एकच आकडा दाखवतीलच असं नाही. 120 आणि 115 पीएसआय (दाबाचं एकक) उत्तम. 120 आणि 70 असेल तर आत काहीतरी गेलंय. फरक 10 ते 15 टक्क्यांच्या पुढे गेला की कारण शोधल्याशिवाय भाव बोलू नका. मात्र काही लहान चार-स्ट्रोक इंजिनांत दोरीने ओढताना डीकॉम्प्रेशन (ओढणं सोपं व्हावं म्हणून दाब सोडणारी सोय) लागतं, तिथे आकडा मुळातच कमी येतो.

कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगांवर संशय, तसाच राहिला तर हेड गॅस्केट (सिलिंडरच्या झाकणाखालचा सील) किंवा व्हॉल्व्ह. आउटबोर्डचे सिलिंडर आडवे असतात, तेल खालच्या बाजूला साचतं, म्हणून हा फक्त अंदाज समजा. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता बरीच, आणि ते बरंच स्वस्तात सुटतं. प्लगच्या भोकातून बॅटरीने जमेल तेवढं आत बघा. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचं कव्हर काढू दिलं तर पोर्टमधून पिस्टनची बाजू आणि रिंगा दिसतात: उभे ओरखडे असतील तर बोअरिंगचा (सिलिंडर आतून मोठा करून घेण्याचा) खर्च धरा, रिंग नुसती कार्बनने चिकटलेली असेल तर कार्बन काढणाऱ्या द्रावणाने सुटण्याची आशा आहे.

गिअर ऑइल दुधाळ असेल तर सील गेलंय. प्रोपेलर फिरवून शाफ्ट वाकडा नाही ना, तेही बघा.

घेतलंच, तर मॉडेल नंबर टिपून त्याचंच सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या इंजिनाचे हेड बोल्ट गंजून घट्ट बसलेले असतात. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, उष्णता द्या, जोर लावू नका. तुटलेला बोल्ट काढणं हे गॅस्केटपेक्षा मोठं काम आहे. हेड सपाट आहे का, हे सरळपट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासा. बोअर करायचं ठरलं तर नवा ओव्हरसाइझ पिस्टन हातात आल्यावरच सिलिंडर द्या. आणि पिस्टन का ओरखडला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका: तुंबलेला कार्बोरेटर, बंद पडलेला ऑइल पंप किंवा झिजलेला इम्पेलर तसाच राहिला तर तो नवा पिस्टनही खाईल. इम्पेलर तर चांगला दिसला तरी बदलाच. बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळा. रनिंग-इन (नवे भाग बसेपर्यंत हलकं चालवणं) संपल्यावर त्याच गेजने पुन्हा मोजून आकडे मॅन्युअलच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहून ठेवा.