बुध, शुक्र, मंगळ : दुर्बिणीशिवाय कसे ओळखावेत?

सूर्यमालेतले खडकाळ ग्रह चार. त्यातला एक आपल्या पायाखालीच आहे, तो शोधावा लागत नाही. उरलेले तिन्ही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्यासाठी मोकळं क्षितिज हवं आणि थोडी चिकाटी. मात्र आकाशभर ग्रह शोधत बसू नका. आधी सूर्याचा पत्ता काढा : तो कुठे मावळला, किंवा कुठे उगवणार आहे. बाकीचं गणित तिथून सुरू होतं.

१. मुठीने आकाश मोजा

हात ताठ समोर धरून मूठ वळली की ती आकाशाचे साधारण १० अंश झाकते. मुलांची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशेब तोच राहतो. बुध आणि शुक्र यांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत आहेत, म्हणून आपल्याला ते सूर्याच्या आसपासच दिसतात. शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त ४७ अंश दूर जातो, म्हणजे पावणेपाच मुठी. बुधाची मजल प्रत्येक फेरीत वेगळी, १८ ते २८ अंशांपर्यंत. तीन मुठीही भरत नाहीत. तेव्हा मध्यरात्री डोक्यावर काही लखलखत असेल तर तो शुक्र नव्हे, सांगणारा कितीही छातीठोकपणे सांगो.

२. सुरुवात शुक्रापासून

सूर्य आणि चंद्र सोडले तर शुक्राइतकं तेजस्वी आकाशात काही नाही. सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला, न लुकलुकणारा पांढराशुभ्र ठिपका दिसला आणि ‘विमान येतंय का?’ असं वाटलं, की समजा शुक्राची चांदणी. हे तेज त्याच्या ढगांचं. गंधकाम्लाच्या दाट ढगांवर पडलेला बहुतेक सूर्यप्रकाश तसाच परत फिरतो. त्या ढगांखाली जमिनीचं तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या वर आहे, शिसं वितळेल इतकं.

काही महिने संध्याकाळी दिसणारा शुक्र एक दिवस सूर्यप्रकाशात हरवतो आणि मग पहाटे उगवू लागतो. पंचांगात ‘शुक्राचा अस्त’ म्हणतात तो हाच मधला काळ. लग्नाचे मुहूर्त अडतात ते यामुळेच. संध्याकाळकडून पहाटेकडे जाताना तो थोडेच दिवस गायब असतो, उलट जाताना बराच जास्त. हा पूर्ण फेरा ५८४ दिवसांचा. असे पाच फेरे झाले की जवळजवळ आठ वर्षं भरतात. म्हणून घरात आठ वर्षांपूर्वीचं पंचांग असेल तर टाकू नका. शुक्र यंदा कधी, कुठे दिसेल ते त्यात दोन-चार दिवसांच्या फरकाने सापडतं.

३. बुधासाठी दिवस निवडा

खरी कसोटी इथे. बुध अंधुक नाही, पण तो संधिप्रकाशात बुडालेला असतो. सूर्याभोवती ८८ दिवसांत फिरतो, त्यामुळे दर वेळी दर्शनाचे दिवस जेमतेम दोन आठवडे. एखाद्या खगोल अॅपमध्ये तो सूर्यापासून सर्वाधिक दूर जाण्याची तारीख बघा आणि तिच्या आगेमागे चार-पाच दिवस राखून ठेवा.

संध्याकाळी बघायचा असेल तर फेब्रुवारी ते एप्रिलमधली संधी घ्या. ग्रहांची वाट, म्हणजे आकाशात सूर्य आणि ग्रह ज्या रेषेच्या आसपास सरकतात ती, तेव्हा पश्चिम क्षितिजावर जवळजवळ उभी असते, त्यामुळे बुध उंच राहतो. पहाटेसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर. ऑगस्ट-सप्टेंबरही वाईट नसतात, पण आपल्याकडे तेव्हा ढगच बघायचे. एका बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत : महाराष्ट्र-गोव्याच्या अक्षांशावर संधिप्रकाश लवकर सरतो, युरोपातल्यासारखा रेंगाळत नाही.

कोकण किनारा किंवा घाटमाथ्याची पश्चिम कडा गाठा. सूर्य बुडाला ती जागा एखाद्या झाडाच्या किंवा खडकाच्या खुणेने लक्षात ठेवा. अर्ध्या तासाने तिथून ग्रहांच्या वाटेने, म्हणजे सरळ वर किंवा किंचित कलून, एक ते दीड मूठ नजर न्या. तांबूस पट्ट्याच्या वर किंचित पिवळसर ठिपका दिसेल. आधी दिसत नाही, आणि एकदा दिसला की सुटत नाही. हातात वीस-पंचवीस मिनिटं असतात; नंतर तो क्षितिजावरच्या धुळीत विरतो.

द्विनेत्री (बायनॉक्युलर) वापरणार असाल तर सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय डोळ्याला लावू नका. पहाटे सूर्योदयाच्या बऱ्याच आधी ती म्यानात घाला. सूर्य चुकून दिसला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते.

४. मंगळाला रात्रभर वेळ द्या

मंगळ पृथ्वीच्या बाहेरून फिरतो, म्हणून तो मध्यरात्रीही दिसू शकतो. पण त्याचं तेज फार बदलतं, कारण तो आपल्यापासून कधी साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, तर कधी ४० कोटींवर. दूर असताना तो ज्येष्ठा किंवा रोहिणी या लालसर ताऱ्यांत सहज खपून जातो. तेव्हा तारा लुकलुकतोय का ते बघा. मंगळ बहुधा स्थिर दिसतो.

दर २६ महिन्यांनी तो आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो. पुढची तारीख १९ फेब्रुवारी २०२७. तेव्हा सूर्य मावळताना मंगळ पूर्वेला उगवेल, सिंह राशीत, मघा ताऱ्याजवळ. मघा निळसर पांढरी, मंगळ तांबूस. दोन्ही शेजारी पाहिले की रंगाबद्दल शंका उरत नाही. साधारण एका मुठीवर गुरूही असेल, मंगळापेक्षा ठळक. गल्लत करू नका.

त्याच सुमारास ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा मेसेजही येईल. २००३ साली मंगळ फार जवळ आला होता, तेव्हापासून हा मेसेज फिरतोय. त्या वर्षीसुद्धा चंद्राचा व्यास मंगळाच्या ७० पटींहून मोठा दिसत होता.

जानेवारीपासूनच वहीत मघा आणि आसपासचे तारे काढून ठेवा आणि दर आठवड्याला मंगळाची जागा टिंबाने दाखवा. मार्चअखेरपर्यंत टिंबं पश्चिमेकडे सरकतील, मग थबकून उलट पूर्वेला वळतील. मंगळ मागे फिरलेला नसतो. आतल्या वाटेने वेगात जाणारी पृथ्वी त्याला ओलांडत असते. ही संधी हुकली, तर पुढची मार्च २०२९ मध्ये.