मुंबई-पुणं सोडून कोकणात छोटी वाडी करायचीय? आधी सातबारा वाचायला शिका

शहर सोडून गावी वाडी करण्याच्या व्हिडिओत दाखवतात तो क्रम असा: आधी चिऱ्याचं छान घर, मग कोंबड्या, मग विषमुक्त भाजी, आणि जमिनीच्या पेपरांबद्दल शेवटी एक वाक्य, की "चांगला वकील बघा". हे बघून लोक निघतात आणि दीड-दोन वर्षांनी तहसीलच्या बाहेर बाकड्यावर बसलेले दिसतात. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर-लांज्याकडच्या भागाबद्दल लिहितोय, स्वतःची वाडी झाल्यावर ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या व्यवहारांत बरोबर फिरलोय.

नोकरी कधी सोडावी, घरच्यांना कसं पटवावं, हे तुमचं तुम्ही ठरवलंय असं धरतो. पैशाचं एकच सांगतो, जमीन आणि घराचा खर्च बाजूला काढून वर निदान तीन वर्षं घर चालेल एवढं हाताशी पाहिजे, कारण काजूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी जरा काही देतं आणि हापूस त्याहून उशिरा.

1. तुम्ही शेतकरी आहात का ते बघा

1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात थेट शेतजमीन घेता येत नाही. वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर कुठेही सातबारा असेल तर आधी वारस नोंद करून स्वतःचं नाव चढवून घ्या आणि शेतकरी दाखला काढा. "दाखल्याचं मी बघतो साहेब" म्हणणाऱ्या एजंटाला तिथेच नमस्कार करा. खोट्या दाखल्यावरचा व्यवहार नंतर बेकायदेशीर ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि तोपर्यंत एजंटाचा फोन बंद झालेला असतो. घराण्यात शेतीच नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढा किंवा सरळ एनए (बिगरशेती) प्लॉट घ्या. दहा गुंठ्यात भाजी, चार माड, कोंबड्या आरामात होतात.

2. जमीन मे महिन्यातच बघा

ऑगस्टमध्ये कोकणात कातळसुद्धा हिरवा दिसतो. इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात वाडीवाडीत टँकर येतो, कारण उतार आणि जांभा (सच्छिद्र तांबडा दगड), पाणी थांबतच नाही. मे मध्ये जा, शेजारच्या विहिरींत डोकावून बघा आणि पाणी किती टिकतं ते मालकाला न विचारता पाणी भरायला आलेल्या बायकांना विचारा. बोअरला पाणी लागेलच असं छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

3. सातबारा, आणि त्यापेक्षा फेरफार (नावं कधी, कशी बदलली त्याच्या नोंदी)

इथे थांबा. चहा घ्या. आमचं सगळ्यात जास्त घोडं इथेच अडलं होतं आणि अजूनही लोकांचं इथेच अडतं.

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या मिळतो, त्यामुळे तो बघितला नाही असं कोणी म्हणत नाही. पण बघतात काय, तर नाव आणि क्षेत्र. विकणाऱ्याचं नाव आहे, क्षेत्र एक हेक्टर आहे, झालं, टोकन दिलं. कोकणात विकणाऱ्याचं नाव तर असतंच, पण त्याच्या वरती-खालती आणखी पंधरा-वीस नावं असतात, त्यातले निम्मे वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद कोणी केलेली नाही, आणि खाली लिहिलेलं असतं सामाईक क्षेत्र. गावात विचारलं तर सगळे शपथेवर सांगतात की आमचं वाटप कधीच झालंय, हा गडग्याच्या (दगडी बांधाच्या) अलीकडचा भाग याचा. ते खोटं बोलत नाहीत. वाटप झालेलं असतं, पण तोंडी, आजोबांच्या काळात, आणि कागदाला ते माहीतच नसतं.

अशा जमिनीतला एकाचा हिस्सा तुम्ही घेतला तर तुम्हाला ती गडग्याअलीकडची जागा मिळत नाही, मिळते ती फक्त भांडणातली भागीदारी. खरेदीखत नोंदवलं जाईलही, पण कुंपण घालायला गेलात की मुंबईहून एक चुलत भाऊ येतो आणि म्हणतो माझी सही कुठेय. आणि त्याचं बरोबर असतं! म्हणून माझं मत ठाम आहे: अविभक्त हिस्सा घ्यायचा नाही, निम्म्या किमतीत मिळाला तरी नाही. एकतर सगळे हिस्सेदार एकाच खरेदीखतावर सही करतील, नाहीतर त्यांनी आधी नोंदणीकृत वाटणीपत्र करावं किंवा तहसीलदारांकडून जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घ्यावं, सातबारा वेगळा व्हावा, मग आपण पैसे काढावेत. "तुम्ही घ्या हो, वाटप नंतर करू" हे वाक्य ऐकलं की गाडीला किल्ली लावा.

आता हिस्सेदार नक्की किती, हे सातबारा सांगत नाही, ते फेरफार सांगतात. सातबाऱ्यावर गोलात फेरफार नंबर असतात, त्यातला एकूणएक उतारा काढा, जुने मोडी-मिश्रित असले तरी, वाचणारा माणूस तालुक्याला मिळतो. विकणाऱ्याकडून वंशावळ लिहून घ्या आणि फेरफारांशी एकेक नाव ताडून बघा. दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. पहिलं म्हणजे नावापुढे "ए.कु.मॅ." लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलंय पण ते सगळ्यांच्या वतीने, बाकीच्या भावांची मुलं-नातवंडं हक्क सांगू शकतात. दुसरं म्हणजे बहिणी. जुन्या वारस नोंदीत मुलांची नावं वर आणि मुलींची नावं सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात टाकायची पद्धत होती, कधी तर टाकलीच नाहीत. 1956 चा हिंदू वारसा कायदा आणि त्यातली 2005 ची दुरुस्ती बघता त्यांना बाजूला ठेवून चालत नाही. "आमच्या बहिणी काही मागणार नाहीत" असं भाऊ मोठ्या प्रेमाने सांगतात. नाही मागणार तर उत्तम, मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं किंवा खरेदीखतावर सही करावी. आमच्या व्यवहारात एक आत्या बडोद्याला होत्या, त्यांची सही मिळेपर्यंत एक अख्खा पावसाळा गेला. गेला तर गेला. तेव्हा सगळे म्हणत होते कशाला थांबता, आणि मी आजही म्हणेन थांबा.

कुणी कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) दाखवलं तर ते नोंदणीकृत आहे का आणि देणारा माणूस जिवंत आहे का, दोन्ही विचारा. माणूस वारला की ते पत्र सहसा संपलं, आणि गावात ही बातमी विकणारा स्वतःहून देत नाही.

"इतर हक्क" पूर्ण वाचा, एक ओळ न सोडता. बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टातला दावा, "कलम 43 ला पात्र" (कूळकायद्यातली विक्रीवरची अट), खाजगी वन, सगळं तिथेच असतं. वर भोगवटादार वर्ग-2 दिसलं तर शासनाच्या परवानगीशिवाय विक्री नाही, देवस्थान इनाम (देवाच्या नावची जमीन) दिसलं तर विषय संपला. आणि क्षेत्र बघताना तुकडेबंदी विसरू नका, 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायत 20 गुंठ्यांच्या आणि बागायत 10 गुंठ्यांच्या खालचा तुकडा पाडून विकता येत नाही. "फार्म प्लॉट 5 गुंठे" अशी जाहिरात दिसली की समजा, तुमचं नाव शंभर जणांबरोबर सामाईक लागणार आहे.

वकील पाहिजेच, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (आधीच्या व्यवहारांची तपासणी) पाहिजेच, पण वकील विकणाऱ्याने सुचवलेला नको. आणि तालुक्यातलाच घ्या, पुण्याचा भारी वकील इथल्या भावकीचं गणित सोडवू शकत नाही.

4. वाट

जमिनीपर्यंत जीप गेली म्हणजे रस्ता आहे असं नाही, तुम्ही कदाचित कुणाच्या तरी मळ्यातून गेलात. गाव नकाशावर रस्ता दिसतो का बघा. नसेल तर ज्याच्या जमिनीतून वाट जाते त्याच्याकडून गट नंबर आणि रुंदी लिहून नोंदणीकृत करून घ्या, तेही खरेदीच्या आधी. त्याच महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे रस्ता मागता येतो हे खरं, पण शेजाऱ्यावर अर्ज टाकून गावात राहायला सुरुवात करू नका, त्याच्याच विहिरीचं पाणी तुम्हाला पहिल्या उन्हाळ्यात लागणार आहे.

5. मोजणी, मग खरेदी

भूमी अभिलेखकडे पैसे भरून हद्द कायम मोजणी करून घ्या, लगतदार (शेजारचे जमीनमालक) हजर ठेवा, दगड रोवून फोटो काढा. खरेदीनंतर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस असतात, ते दिवस गावातच राहा. नोंद मंजूर होऊन नाव चढल्याशिवाय बांधकामाचं सामान टाकू नका.

6. घर, झाडं, बाकी सगळं

हे सोपं आहे. फार्महाऊसला साधारण एक एकर जमीन आणि परवानगी लागते, चिरा स्थानिक घ्या, पागोळ्या (छपराच्या कडा) लांब काढा. विहीर आधी, घर नंतर. काजूची वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 ची कलमं दापोली विद्यापीठाच्या किंवा सरकारमान्य रोपवाटिकेतून आणा आणि पहिला पाऊस मुरला की लावा. कोकणात दहा गुंठ्यांपासून फळबाग अनुदान मिळतं, त्यासाठी कृषी सहाय्यकाला भेटा. शिमग्याची वर्गणी न मागता द्या.

वानरांवर माझ्याकडे उपाय नाही आणि जो विकत असेल त्याच्याकडेही नाही. भाजी घराला लागून, जाळीच्या आत लावा. लांबच्या तुकड्यात हळद-आलं करा, त्याला ती सहसा तोंड लावत नाहीत.