गाडी एका कोपऱ्यात बसली? सेन्सर बदलण्याआधी दांडी बघा

गेल्या पावसाळ्यात निफाडकडचा एक द्राक्षबागायतदार सेकंडहँड घेतलेली, एअर सस्पेन्शनवाली (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी राहणारी) मोठी एसयूव्ही घेऊन नाशिकच्या अंबडला माझ्या गॅरेजवर आला. मागची डावी बाजू बसलेली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. एका ठिकाणी त्याला एअर बॅग (चाकाजवळचा हवेचा फुगा, अपघातात उघडणारी नव्हे) आणि तिच्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर दोन्ही बदलायला सांगितलं होतं. "काका, एवढ्या पैशात माझी अख्ख्या बागेची फवारणी होते," म्हणाला. गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) घेतली, टॉर्च मारला. गाडीची उंची मोजणाऱ्या हाइट सेन्सरची दांडी तिच्या जोडातल्या गोळीवरून निसटून लोंबत होती आणि तिच्या वाटीत काळी माती ठासून भरली होती.

हा सेन्सर म्हणजे चासीला बसवलेली छोटी डबी. तिला एक हात, हाताला दांडी, दांडीचं दुसरं टोक चाक धरणाऱ्या सस्पेन्शन आर्मला. चाक वर-खाली झालं की हात फिरतो आणि तो किती फिरला ते डबी कंट्रोल युनिटला, म्हणजे हवा भरायची-सोडायची ठरवणाऱ्या मेंदूला, कळवते. युनिट बिचारं आंधळं, हाताच्या कोनावरून उंची ओळखतं. दांडी निसटून हात खाली पडला की त्याला वाटतं चाक लोंबतंय, म्हणजे गाडी फार उंच झाली. मग ते हवा सोडतं आणि गाडी बसते. बॅग ठणठणीत, कॉम्प्रेसर ठणठणीत. ट्रॅव्हल्सच्या बऱ्याच बसना सेन्सरऐवजी लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतो, तिथे दांडी थेट हवाच उघडते नि बंद करते. पण दुखणं तेच.

आधी ठरवा, हवा गळतेय की सेन्सर खोटं बोलतोय. संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून मापं लिहून ठेवा. असं मोजलं की टायरमधल्या हवेचा फरक मापात येत नाही. सकाळी गाडी चालू करण्याआधी पुन्हा मोजा. रात्रीतून एक कोपरा खाली गेला तर गळती धरा आणि बॅग, नळी, जोड यांना साबणाचं पाणी लावा. रात्री माप तसंच राहतं, पण गाडी चालू केली की ती चुकीच्याच उंचीवर जाऊन थांबते, तर सेन्सरकडे वळा. एक गोम आहे: काही गाड्या उभ्या असतानाही मधूनच जाग्या होतात आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्याला जुळवायला बाकीचे तीन कोपरे खाली आणतात. सकाळी चारही बाजू बसलेल्या दिसल्या म्हणून चार बॅग मागवू नका.

आता खाली शिरायचं. नुसत्या जॅकवर किंवा बॅगमधल्या हवेच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. घोड्या लावा, जॅक मोड (हवेचं आपोआप भरणं-सोडणं थांबवणारी सेटिंग) असेल तर तो चालू करा. दांडी काढून हात हलवला की युनिट हवा भरायला किंवा सोडायला लागतं आणि दोन टन लोखंड तुम्हाला न विचारता खाली येतं. आमच्या पोऱ्याला मी चाकाच्या आत डोकं घालूच देत नाही.

पहिली पाहणी हाताने आणि डोळ्याने. दांडीची दोन्ही टोकं हलवून बघा, ढिली आहेत का. हात वाकलाय का, उलटा पलटी झालाय का, हे शेजारच्या चाकाशी ताडून बघा. मग प्लग काढा. पाणी मारणाऱ्या जेटने आणि कसारा घाटातल्या पावसाने पाणी शिरतं नि पिना गंजतात. त्यावर मोरचुदासारखा हिरवट-निळा थर दिसला की निम्मं काम झालं. बागायतदार हसून म्हणाला, "बोर्डो इथे पण मारलाय का?" (बोर्डो म्हणजे बागेवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण.) कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने साफ करा, पिना सैल झाल्या असतील तर जुळवा, रबरी सील तुटलं असेल तर बदला.

एवढं करूनही दिवा राहिला तर मल्टिमीटर काढा. सेन्सरला बहुतेक तीन वायरी असतात: पाच व्होल्टची सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. की ऑन करून सप्लाय मोजा. पाच मिळत नसेल किंवा अर्थ नसेल तर वायरिंग शोधा, सेन्सरला दोष देऊ नका. दोन्ही ठीक असतील तर दांडी एका टोकाला सोडा, मीटर सिग्नलवर ठेवा आणि हात हळूहळू फिरवा. साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारच्या आसपासपर्यंत आकडा सलग चढला-उतरला पाहिजे. मधेच उडी मारली, शून्यावर पडला किंवा अडकून बसला तर सेन्सर गेला. काही सेन्सर व्होल्टेजऐवजी पल्स देतात, तिथे मीटरने गोंधळ होतो. तिथे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावा आणि त्यावरच्या लाइव्ह डेटात, म्हणजे चालू आकड्यांत, डावं-उजवं ताडा. दोन बाजूंचे आकडे उलट दिशेने सरकले तर घाबरू नका, काही गाड्यांत दोन्ही बाजूंचे सेन्सर आरशासारखे बसवलेले असतात.

सेन्सर किंवा आर्म बदलला की कॅलिब्रेशन, म्हणजे युनिटला खरी उंची नव्याने शिकवणं, हवंच. हे बरेच जण टाळतात आणि गाडी जन्मभर तिरकी चालते. जमीन सपाट लागते, आणि 'सपाट दिसते' हा पुरावा नव्हे. माझ्या शेडची एक बाजू उतरती आहे हे मला गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी लावल्यावर कळलं. तोवर मी दोन गाड्या वाकड्या करून सोडल्या होत्या, दोन्ही परत बोलावून नीट केल्या. टायरची हवा सारखी करा, डिकीतली खतांची पोती उतरवा, चारही मापं मिलिमीटरमध्ये घ्या आणि स्कॅनरला द्या.

बागायतदाराच्या गाडीला नवी दांडी बसवली, प्लग पुसला, मापं भरली. त्र्यंबक रोडने एक फेरी मारून आल्यावर चारही कोपरे पुन्हा टेपने मोजले, मग भिंतीवर हेडलाइटचा झोत बघितला. त्या गाडीत हेडलाइटची उंची याच सेन्सरवर चालते, आणि आला तेव्हा एक झोत झाडांच्या शेंड्यावर पडत होता.