बोर्ड बदलून विंडोज अकरा घालताय? आधी ॲक्टिव्हेशनची ओळ शेवटपर्यंत वाचा

चालू, ॲक्टिव्हेटेड विंडोज दहावरून सेटिंग्जमधूनच अकरा घेतलं आणि मशीन तेच राहिलं, तर ॲक्टिव्हेशन (लायसन्स खरं असल्याची मायक्रोसॉफ्टकडची नोंद) आपोआप पुढे येतं. असं करणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. भानगड होते ती मदरबोर्ड बदलून अकरा घालताना. दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अकराला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीच्या असेंबल्ड डेस्कटॉपवाल्याला दुकानदार सांगतो, बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलू, बाकी सगळं तेच ठेवू. खर्च वाचतो हे खरं. पण विंडोजच्या लेखी बोर्ड बदलला की मशीनच बदललं.

म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी, जुनं मशीन धडधाकट चालू असताना, सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'ॲक्टिव्हेशन' उघडा. तिथली ओळ वाचा, आणि शेवटपर्यंत वाचा. 'विंडोज इज ॲक्टिव्हेटेड विथ अ डिजिटल लायसन्स' इथेच ती संपत असेल, तर थांबा. पुढे 'लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट' हे शब्द हवेत. मागच्या वेळी मी 'ॲक्टिव्हेटेड' एवढं वाचून खिडकी बंद केली होती. ही यादी त्या उरलेल्या शब्दांपायी लिहितोय.

लायसन्सचा सातबारा मदरबोर्डच्या नावावर असतो. अकाउंट लिंक करणं म्हणजे त्यावर वारसनोंद करून ठेवणं. बोर्ड गेल्यावर नोंद करायला गेलात तर कोणी विचारत नाही. ही सोय २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आहे, पण आपल्याकडे असेंबल्ड मशीन दुकानातून येतं तेच 'यूजर' किंवा 'ॲडमिन' नावाच्या लोकल अकाउंटवर. आपण त्यावर वर्षानुवर्षं काम करतो, सगळं नीट चालतं, आणि लिंक कधी झालेलीच नसते. शब्द दिसत नसतील तर त्याच पानावर 'ॲड ॲन अकाउंट' असतं. ॲडमिन अकाउंटमधून ते दाबा, साइन इन करा, पान बंद करून परत उघडा आणि ओळ परत वाचा. मोबाइलवर तिचा फोटो काढा. अकरात हीच ओळ 'ॲक्टिव्हेशन स्टेट'च्या शेजारच्या बाणाखाली दडलेली असते. नुसतं 'ॲक्टिव्ह' दिसलं म्हणून समाधान मानू नका, बाण उघडा.

कोणतं अकाउंट, हेही कागदावर लिहा. घरात एकाचं जुनं हॉटमेल असतं, एकाचं आउटलुक असतं, जीमेलच्या पत्त्यावर काढलेलं तिसरं असतं, आणि बाबांच्या मशीनवर भाच्याने स्वतःचंच टाकलेलं असतं. ऑफिसचं किंवा कॉलेजचं अकाउंट या कामाला चालत नाही, वैयक्तिकच लागतं. पासवर्ड आठवतो का ते आजच बघा. ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर अजून चालू आहे का, तेही. आणि एक फसवी जागा: मायक्रोसॉफ्टच्या साइटवर तुमच्या डिव्हाइसेसच्या यादीत मशीनचं नाव दिसतं म्हणजे लायसन्स लिंक झालं असं नाही. पुरावा एकच, ती ओळ.

यादीवरून आठवलं, मशीनला नाव द्या. 'सिस्टिम'मधल्या 'अबाउट'मध्ये 'रिनेम धिस पीसी' आहे. पुढे लायसन्स हलवताना तुमच्यापुढे जुन्या मशीनची यादी येते आणि त्यात सगळेच 'डेस्कटॉप' आणि पुढे काहीतरी अगम्य अक्षरं. तीन 'डेस्कटॉप'मधला आपला कोणता, हे त्या क्षणी कुणालाही सांगता येत नाही. 'दादा-हॉल' असलं काहीही चालेल.

आता लायसन्स कोणत्या जातीचं आहे ते बघा, कारण लिंक असूनही नकार येऊ शकतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, एक जागा, मग स्लॅश डीएलव्ही टाका. खिडकीत 'चॅनल' लिहिलेलं असतं. ओईएम, म्हणजे मशीनसोबत आलेलं, असेल तर ते लायसन्स त्या मशीनपुरतंच आहे. नव्या बोर्डवर त्याचा हक्क सांगता येत नाही, तेव्हा नव्याचे पैसे धरूनच चाला. रिटेल, म्हणजे सुटं विकलेलं, असेल तर हलवता येतं. पण रिटेल दिसलं म्हणून हुरळू नका. प्रॉडक्ट कीची शेवटची पाच अक्षरं ३व्ही६६टी किंवा ८एचव्हीएक्स७ असतील, तर ती प्रो आणि होमची सार्वजनिक की आहे. फुकट अपग्रेड झालेल्या असंख्य मशीनवर हीच दिसते. ती वहीत उतरवून घेऊन काही उपयोग नाही, ती तुमची नव्हेच.

हा मुद्दा सातवरून आलेल्यांसाठी जास्त महत्त्वाचा. सात किंवा आठवरून दहाची फुकट ऑफर कागदोपत्री २९ जुलै २०१६ ला संपली, तरी जुनी सातची की टाकली की दहा चालू व्हायचं. पुढे अकराही व्हायचं. ते दार मायक्रोसॉफ्टने २० सप्टेंबर २०२३ ला लावलं. म्हणजे कॅबिनेटवरचं सातचं स्टिकर आता शोभेचं. तेव्हा फुकट मिळालेल्या लायसन्सचं तुमच्या हातात बिल नाही, डबा नाही, प्रॉडक्ट कीही नाही. जे काही आहे ते सर्व्हरवर आणि अकाउंटच्या लिंकमध्ये. परत सांगतो: ओळ वाचा, 'लिंक्ड' शब्द शोधा, मग कॅबिनेट उघडा.

चॅनलमध्ये व्हॉल्यूम (कंपन्यांना घाऊक दिलेलं लायसन्स) दिसलं तर मशीन बहुधा ऑफिसचं आहे. केएमएस (ऑफिसच्या सर्व्हरवरून होणारं ॲक्टिव्हेशन) असेल तर ते १८० दिवसांचं असतं आणि ऑफिसच्या नेटवर्कशी बोलून वाढतं. घरी बसून खटपट करू नका, आयटीवाल्याला फोन करा. आणि मशीन घरचं असूनही व्हॉल्यूम दिसत असेल, तर कोणीतरी काही शे रुपयांची ऑनलाइन की किंवा 'ॲक्टिव्हेटर' चालवलेला आहे. तो जुगाड नव्या बोर्डवर येत नाही आणि सोबत काय काय घेऊन आला होता ते देव जाणे. तिथे सरळ नवं लायसन्स घ्या, फाइली काढा, डिस्क पुसा.

आवृत्ती. 'सिस्टिम'मध्ये 'अबाउट'ला होम आहे, होम सिंगल लँग्वेज आहे की प्रो आहे, ते अक्षर न अक्षर लिहून ठेवा. भारतात विकलेल्या लॅपटॉपमध्ये सिंगल लँग्वेज सर्रास असतं आणि लोक ते नुसतं 'होम' समजतात. पेनड्राइव्हवरून कोरं इन्स्टॉल करताना भलतीच आवृत्ती निवडली की ॲक्टिव्हेशन अडतं. एरर कोडच्या शेवटी एफ२१२ येतं ते बहुतेक याचमुळे. उलटाही प्रकार होतो: लॅपटॉप होमसकट आला, नंतर पैसे भरून प्रो केला, आणि कोरं इन्स्टॉल करताना सेटअपने बायॉसमधली (बोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममधली) होमची की उचलून न विचारता होम घातलं. विंडोज आठपासूनच्या लॅपटॉपची की बायॉसमध्येच असते, म्हणून खाली स्टिकरवर ती सापडत नाही. वॉरंटीत कंपनीचा माणूस बोर्ड बदलायला घरी आला, तर ही की नव्या बोर्डवर चढवणं त्याचं काम आहे. तो निघायच्या आधी, त्याच्यासमोर ॲक्टिव्हेशन उघडून बघा.

बॅकअप घ्या. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर हवी, त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर नको. बोर्ड बदलला, टीपीएम बदललं, की तो पहिल्यांदा तेच विचारतो.

विंडोजच्या नादात बाकीची लायसन्स विसरू नका. टॅली असेल तर जुन्या मशीनवरूनच लायसन्स सरेंडर करा, मग बोर्डला हात लावा. डीटीपीवाल्यांनी श्रीलिपीच्या जुन्या डाँगलचा (लायसन्ससाठी मशीनला जोडायच्या चावीचा) ड्रायव्हर अकरावर चालतो का, ते आधी विचारून घ्यावं. जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरता त्यांनीही. विंडोज झकास ॲक्टिव्हेट झालंय आणि वीस तारखेला रिटर्न भरता येत नाहीये, हा फार वाईट प्रकार आहे.

प्रत्यक्ष कामाचा क्रम. दुकानदार म्हणेल, नवा बोर्ड बसवतो आणि लगेच अकरा कोरं घालतो. शक्य असेल तर नाही म्हणा. नव्या बोर्डवर आधी जुनीच डिस्क लावा आणि दहाच सुरू करा. बहुतेकदा ते उठतं, थोडा वेळ ड्रायव्हर शोधत बसतं, मग म्हणतं की ॲक्टिव्हेटेड नाही. ठीक आहे, तेच अपेक्षित आहे. तिथेच लायसन्स हलवून घ्या आणि ॲक्टिव्हेट झाल्याचं बघून मग अकरावर जा. एका वेळी एकच गोष्ट बदलली की बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं. घाई कसली? ईएसयू (सपोर्ट संपल्यावरची जादा सुरक्षा अपडेटची योजना) घेतलेल्यांना दहाची सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत.

जुना बोर्ड त्याच दिवशी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका. दोनशे-पाचशे रुपये कमी मिळाले तरी चालतील, ॲक्टिव्हेशन होईपर्यंत तो घरात ठेवा. लिंक करायची राहून गेली होती असं नंतर कळलं तर एकच रस्ता उरतो: जुना बोर्ड परत बसवा, मशीन चालू करा, लिंक करा, परत उघडा, परत नवा बसवा. अर्धा दिवस जातो आणि थर्मल पेस्टची नळी संपते. बोर्ड विकला असेल तर तोही रस्ता नाही. म्हणून म्हणतोय, ओळ.

नव्या बोर्डच्या लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवा. नेट नाही तर ॲक्टिव्हेशन नाही. ड्रायव्हर राहिले तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करून बघा, बऱ्याचदा निभावतं.

घड्याळ बघा. हे हास्यास्पद वाटेल, पण तारीख चुकलेली असेल तर सर्व्हर दाद देत नाही आणि आपण उगाच लायसन्सला शिव्या देत बसतो. जुन्या बोर्डचा सीआर२०३२ सेल मेलेला असतो आणि मशीन दरवेळी कुठल्यातरी मागच्या वर्षात उठतं. घड्याळवाल्याकडे मिळतो, बदलून टाका. कोऱ्या इन्स्टॉलनंतर टाइम झोन अमेरिकेचा राहून जातो, तो 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली'वर आणा.

आता ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'ट्रबलशूट' दाबा. ते बटण मशीन ॲक्टिव्हेटेड नसेल तेव्हाच दिसतं आणि ॲडमिन अकाउंट लागतं. थोडं फिरून तो म्हणतो जमलं नाही. तिथे खाली 'आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली' ही बारीक ओळ असते. ती दाबा, लिंक केलेल्या त्याच अकाउंटने साइन इन करा, यादीतून जुनं मशीन निवडा, 'धिस इज द डिव्हाइस आय ॲम युझिंग राइट नाऊ'वर खूण करा आणि 'ॲक्टिव्हेट'. यादीत मशीन नसेल तर लिंक झाली नव्हती, अकाउंट दुसरं आहे किंवा आवृत्ती जुळत नाही. लायसन्स हलवण्यालाही मर्यादा असते, दर दिवाळीला बोर्ड बदलणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

कोड आले तर शेवटची अक्षरं बघा. एफ२११ म्हणजे हार्डवेअर बदललंय, वरचंच करा. ७००१ म्हणजे या मशीनसाठी लायसन्स सापडत नाही. सी००८ म्हणजे ही की आधीच जास्त मशीनवर वापरलीय. सी००३ म्हणजे की सर्व्हरने अडवलीय, स्वस्तातली असेल तर विकणाऱ्याकडे जा. एफ०७४ केएमएसचा, आयटीवाल्याकडे.

एवढं करून नाहीच झालं तर घाबरू नका. उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज'ची फिकट पाटी येते, वॉलपेपर आणि रंग बदलता येत नाहीत. फाइली कुठे जात नाहीत, काम चालतं. कधी सर्व्हरच दमलेला असतो, एक दिवस थांबा.

गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधू नका. वर येणारे बरेच नंबर भामट्यांचे असतात आणि ते पहिल्या मिनिटाला एनीडेस्क (दुरून तुमचं मशीन चालवायचं ॲप) टाकायला सांगतात. मदत हवी तर विंडोजमधल्याच 'गेट हेल्प'मधून मागा.

झालं की एसएलएमजीआर स्लॅश एक्सपीआर टाका, 'पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड' आलं पाहिजे. मग बाण उघडून 'लिंक्ड' आहे ना ते बघा, आत्ताच, उद्या नको. अकरावरून मागे जायची सोय १० दिवस असते, तोवर डिस्क साफ करताना 'विंडोज डॉट ओल्ड' उडवू नका. जुना बोर्ड आता विकलात तरी चालेल.