माणूस न दुखावता मोबाइल शांत कसा ठेवावा

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटे साडेपाचला पहिला मेसेज पडतो. उगवता सूर्य, गुलाबाचं फूल, खाली 'शुभ सकाळ'. पाठवणारे माझे काका, वय ७४. मागोमाग दहा-बारा जणांचे जोडलेले हात. २०१९ मध्ये वैतागून मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले. तेव्हा कुणी ग्रुप सोडला की सगळ्यांना ते दिसायचं. पुढच्याच महिन्यात घरात लग्न होतं. काका पंगतीत शेजारी बसले, पण माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. शेवटी काकूच म्हणाली, "त्यांना वाटतंय, तुला आपली माणसं नकोशी झालीत." मला नकोसा झाला होता तो पहाटेचा टुणटुण आवाज, काका नव्हेत. हा फरक मला वेळेवर कळला नाही, याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून पहिली पायरी हीच: त्रास नेमका कशाचा होतोय ते ठरवा. आवाजाचा, फोन भरण्याचा, की मजकुराचा? प्रत्येकाचं औषध वेगळं.

आवाजाचा असेल, तर म्यूट करा. व्हॉट्सॲपवर चॅट उघडा, वरच्या नावावर टॅप करा आणि नोटिफिकेशन म्यूट करा. आठ तास, एक आठवडा किंवा कायम, असे पर्याय येतात. समोरच्याला याचा पत्ता लागत नाही. मेसेज येत राहतात, तुम्ही सवडीनं बघता. सारखा वर येणारा ग्रुप नजरेआडही हवा असेल, तर चॅटवर बोट दाबून धरा आणि आर्काइव्ह करा. पूर्वी नवा मेसेज आला की तो पुन्हा वर यायचा. २०२१ पासून आर्काइव्हमध्येच राहतो. कुणाचे स्टेटस नको असतील, तर त्या स्टेटसवर बोट दाबून तेवढे म्यूट करता येतात.

फोन भरत असेल, तर सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा उघडून फोटो-व्हिडिओंचं ऑटो-डाउनलोड बंद करा. सोबत त्या चॅटची मीडिया व्हिजिबिलिटीही 'नाही' ठेवा, म्हणजे तिथले नवे फोटो गॅलरीत शिरणार नाहीत. रोज सकाळी गुलाब पुसत बसण्यापेक्षा हे बरं.

ग्रुप सोडायचाच असेल तर? २०२२ पासून बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. पण बाहेर पडलेल्यांची यादी ६० दिवस ग्रुपमध्ये बघता येते, त्यामुळे गुपचूप म्हणजे अगदीच गुपचूप नव्हे. सोसायटीचा किंवा शाळासोबत्यांचा ग्रुप असेल, तर आधी ॲडमिनला फोन करून सांगा. घरच्या ग्रुपमधून मात्र बाहेर पडूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे म्यूट पुरतं.

फेसबुकवर मैत्री न तोडता अनफॉलो करता येतं, म्हणजे त्यांच्या पोस्ट समोर येत नाहीत. थोडे दिवसच नको असेल, तर ३० दिवसांचं स्नूझ आहे. प्रत्येक फोटोखाली खोचक बोलणारं कुणी इन्स्टाग्रामवर असेल, तर रेस्ट्रिक्ट वापरा. त्यांची नवी कमेंट, तुम्ही मंजूर करेपर्यंत, त्यांची त्यांनाच दिसते.

मजकुराचा त्रास असेल, तर बोलावंच लागतं, आणि ही पायरी सगळ्यांत नाजूक. ग्रुपवर चारचौघांत कधीही टोकू नका. वडीलधाऱ्यांना तर नाहीच. खोट्या औषधाचा किंवा अफवेचा मेसेज आला, तर खरी माहिती शोधून वेगळी पाठवा: "मामा, हे मीही खरं समजले होते, पण तपासलं तर असं निघालं." केंद्र सरकारच्या योजनांच्या अफवा पीआयबीच्या, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, फॅक्ट चेकवर पडताळता येतात. चूक मामांनी स्वतःच ग्रुपवर दुरुस्त केली, तर त्यांचा मान राहतो.

काकांना मी लग्नानंतर आठवड्यानं फोन केला. "काका, मी चुकले. पहाटे फोन उशाशी वाजायचा, म्हणून बाहेर पडले. आता परत ग्रुपमध्ये येते, आवाज बंद ठेवते आणि उठल्यावर बघते. पण मला ते सगळीकडचे गुलाब नकोत, तुमच्या गच्चीवरची जास्वंद दाखवा ना." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "ती डबल जास्वंद? तिला यंदा मावा लागलाय गं." पुढची पंधरा मिनिटं आम्ही कडुलिंबाच्या फवारणीवर बोललो. 'हे पाठवू नका' म्हणण्यापेक्षा 'ते पाठवा' म्हणणं सोपं जातं, हे मला तेव्हा कळलं.

हे सगळं आपल्या माणसांसाठी. अश्लील मेसेज पाठवणारा, धमकावणारा किंवा नको म्हटल्यावरही मागे लागणारा असेल, तर भावना जपायची जबाबदारी तुमची नाही. स्क्रीनशॉट घ्या, रिपोर्ट करा, ब्लॉक करा. गरज पडली तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. नात्यातला माणूस असला तरी हेच करा.

आणि म्यूट केलेल्यांना विसरू नका. मी रविवारी चहा घेताना आर्काइव्ह उघडते आणि दोघा-तिघांना इमोजी न टाकता आपल्या शब्दांत दोन ओळी लिहिते. गेल्या रविवारी काकांना विचारलं, मावा गेला का. लगेच फोटो आला, पानाच्या मागच्या बाजूचा.