स्मार्ट मीटर लागलाय ना, मग ग्राफ बघा की जरा

स्मार्ट मीटर साधारण दर 15 किंवा 30 मिनिटांचं रीडिंग साठवतो आणि आपण बघतो फक्त महिन्याचं बिल! आधी वीज कंपनीच्या ॲपमध्ये रात्री 2 ते 4 चा ग्राफ काढा, सगळे झोपलेले असताना रेघ जेवढी वर राहते तेवढी वीज गुपचूप जातेय, फ्रिज ठीक आहे पण सेट टॉप बॉक्स, चालू राहिलेला गिझर वगैरे. 100 वॅट सतत म्हणजे दिवसाला 2.4 युनिट, महिन्याला 72. मग एकेक स्विच बंद करत मीटरच्या डिस्प्लेवर किलोवॅटचा आकडा बघा, डिस्प्लेवर आकडे आळीपाळीने येतात, म्हणून थोडं थांबावं लागतं (वैताग आहे). वेळेनुसार दर असतील तर वॉशिंग मशीन स्वस्त तासांत लावा, संध्याकाळी सहसा ग्रिडवर लोड जास्त असतो.