सिडनीहून ब्रिस्बेनला जाताना कोविड चाचणीची वेळ (डिसेंबर २०२१)
कोविडकाळात ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलंडने १३ डिसेंबर २०२१ पासून सीमा उघडली असली, तरी सिडनीहून येणाऱ्याला तेव्हा दोन्ही लसमात्रांचा दाखला, सीमाप्रवेशाचा ऑनलाइन पास आणि पोहोचण्याआधीच्या ७२ तासांतल्या पीसीआर चाचणीचा निगेटिव्ह अहवाल लागत होता. हे तास अहवाल आल्यापासून नव्हे, तर नमुना दिल्यापासून धरणेच सुरक्षित होते. मात्र नाताळाच्या गर्दीत अहवाल रेंगाळत असल्याने चाचणी अगदी शेवटच्या दिवसावर न ढकलणे आणि तारीख बदलता येईल असेच तिकीट काढणे बरे होते, मग ते थोडे महाग का पडेना. अहवालाचा एसएमएस आणि पास यांचे स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवणे सोयीचे होते. गाडीने सीमेवरच्या कूलंगट्टाकडून जाणाऱ्यांनी तर ते हाताशीच ठेवणे बरे होते. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, ब्रिस्बेनचे घड्याळ सिडनीपेक्षा एक तास मागे असते, हेही ७२ तासांच्या हिशेबात धरायला हवे होते.